नाणेपेटी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे अमेरिकन सेंटचा एक डबा आहे. त्यातल्या १९६९ सालच्या एका नाण्यावर सालाखाली ‘एस’ आहे आणि साल, अक्षरं, सगळंच दुहेरी दिसतं. या सालाचं डबल डाय, म्हणजे ठशातच चित्र दोनदा उमटलेलं, नाणं फार दुर्मीळ आहे असं वाचलं. फोटो पाठवतो आहे. माझं नाणं तेच का?

उत्तर : नाही. फोटो चांगला काढलात म्हणून इतकं ठाम सांगता येतं. तुमच्या नाण्यावरची दुसरी कड सपाट आहे, मूळ अक्षरापेक्षा खालच्या पातळीवर आहे आणि चकाकते आहे. शिवाय अक्षराचा वरचा भाग तेवढाच बारीक झालाय. याला मशीन डबलिंग म्हणतात. नाणी पाडणाऱ्या प्रेसमध्ये डाय, म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणारा पोलादी ठसा, किंचित सैल असली, की ठोका बसल्यावर ती जराशी सरकते आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची कड चेपून टाकते. अशी नाणी पैशाला पासरी मिळतात.

मी नोकरीची सगळी वर्षं टूलरूममध्ये डाय घडवण्यात काढली, त्यामुळे नाणं हातात आलं की मी आधी त्याच्यामागच्या डायचा विचार करतो. तुम्हीही तसाच करा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. नाण्याची डाय हातानं कोरत नाहीत. उठावाचं चित्र असलेला कडक पोलादाचा हब डायच्या मऊ पोलादात दाबतात. जुन्या पद्धतीत एका दाबात चित्र पुरतं उतरायचं नाही. दाबामुळे डायचं पोलाद कडक व्हायचं, मग ती भट्टीत घालून मऊ करायची आणि पुन्हा हबखाली ठेवायची. या दुसऱ्या खेपेला डाय केसभर फिरून बसली, की दोन्ही चित्रं तिच्यात कायमची राहिली. पुढे त्या डायखालून निघालेलं प्रत्येक नाणं दुहेरीच निघणार, आणि प्रत्येकावरचं दुहेरीपण हुबेहूब सारखं असणार.

म्हणून खऱ्या डबल डायमध्ये अक्षर रुंद होतं. दुसरी प्रतिमाही पहिलीसारखीच गोलसर, उठावाची असते आणि अक्षरांच्या टोकांना, कोपऱ्यांना, बारीक खाच पडलेली दिसते. मी सगळ्यात आधी ही खाच शोधतो. दहापट भिंग पुरतं. त्याहून मोठं भिंग नवख्याला नको नको ते दाखवतं.

तुमच्या नाण्यापुरती आणखी एक खूण आहे. १९९०पूर्वीच्या सेंटवर टांकसाळीचं अक्षर, म्हणजे तुमचा तो ‘एस’, प्रत्येक डायवर वेगळं, पंच ठोकून उमटवत. हबच्या गडबडीशी त्याचा संबंध नसे. त्यामुळे खऱ्या १९६९च्या नाण्यावर साल आणि मजकूर दुहेरी, पण ‘एस’ एकेरी असतो. तुमच्या नाण्यावर ‘एस’सुद्धा त्याच दिशेला सरकलाय, म्हणजे गडबड प्रेसमध्ये झाली. जाता जाता या नाण्याची गंमत सांगतो. त्याच सुमारास दोघा जणांनी १९६९चे बनावट डबल डाय सेंट पाडले होते. त्यामुळे अस्सल नाणी सापडू लागली तेव्हा बनावट चलनाचा तपास करणाऱ्या अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनं त्यातली काही बनावट समजून जप्त केली!

प्रश्न : १९५५चा सेंट मिळाला आहे. सालातला शेवटचा ५ दुहेरी आहे, बाकी सगळं ठीक. प्रसिद्ध डबल डाय हाच ना?

उत्तर : हा त्याचा गरीब भाऊ. संग्राहक त्याला ‘गरिबाचा डबल डाय’ असंच म्हणतात. डाय वापरून वापरून झिजली, धातूच्या ओघानं तिच्या कडा खचल्या, की अक्षराशेजारी अशी धूसर सावली उमटते. खऱ्या १९५५च्या नाण्याला भिंगच लागत नाही. साल, ‘लिबर्टी’ आणि ‘इन गॉड वी ट्रस्ट’ नुसत्या डोळ्यांना दोनदा वाचता येतात, पण लिंकनच्या चेहऱ्यावर फारसं काही दिसत नाही. डाय स्वतःभोवती फिरली होती ना! मध्याजवळ सरक कमी, काठाकडे जास्त. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चूक लक्षात आली तोवर त्यातली २० ते २४ हजार नाणी चांगल्या नाण्यांत मिसळली होती. ती वेचून काढण्यापेक्षा तशीच जाऊ दिली.

प्रश्न : आता टांकसाळी सुधारल्या. मग अलीकडच्या सुट्ट्या पैशांत डबल डाय शोधण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : आहे, पण नजर हलवावी लागेल. १९७२, १९८३ (मागची बाजू), १९९५, ही ठळक दुहेरी अक्षरांची सालं जुन्या पद्धतीतली. १९८४च्या एका सेंटवर लिंकनच्या कानाखाली दुसरी पाळी दिसते, तीही त्यातलीच. नव्वदच्या दशकात अमेरिकेच्या टांकसाळींनी एकाच दाबात डाय घडवायला सुरुवात केली आणि अनेकांना वाटलं, संपला खेळ. पण डायचं तोंड निमुळतं असतं. हब आधी तिच्या मध्यावर टेकतो. टेकताना डाय तिरकी असली आणि दाब वाढताना सरळ झाली, तर मध्यभागी दुसरी पुसट प्रतिमा राहून जाते.

तेव्हा अलीकडच्या नाण्यांवर काठाचा मजकूर सोडा आणि मध्याजवळचं चित्र तपासा. २००९च्या ज्या सेंटवर तरुण लिंकन ओंडक्यावर बसून पुस्तक वाचतोय, त्याच्या काही नाण्यांवर हाताला जादा बोट आहे. २००५च्या मिनेसोटाच्या पाव डॉलरवर झाडांच्या रांगेत जादा झाड डोकावतं. मला स्वतःला हे बारीक प्रकार १९५५पेक्षा जास्त आवडतात. तिथे शोधणाऱ्याच्या नजरेचा कस लागतो. बाजार मात्र ठळक नाण्यांनाच भाव देतो, हे धरून चाला.

प्रश्न : १९९७च्या सेंटवर अक्षरांच्या कडेनं चंदेरी रेघ दिसते. हे दुहेरी अक्षर धरायचं का?

उत्तर : नाही. १९८२मध्ये सेंट बदलला, तेव्हापासून आत जस्त आणि वर तांब्याचा पातळ मुलामा असतो. ठोका बसताना अक्षराच्या कडेला मुलामा ताणून फाटतो आणि खालचं जस्त दिसतं. अशी नाणी खुशाल खर्च करा.

प्रश्न : शंका असलेलं नाणं तपासण्याआधी घासून स्वच्छ करावं का?

उत्तर : मुळीच नको. पॉलिश, चिंच, दंतमंजन, काहीही नको. घासलं की कड आणि खाच, दोन्ही जातात आणि किंमतही. दिवा एका बाजूनं, तिरका ठेवा आणि नाणं त्याखाली हळूहळू पूर्ण फिरवा. एखाद्याच कोनातून दिसून नाहीशी होणारी दुसरी रेघ बहुतेक वेळा नुसता उजेडाचा खेळ असते. सगळ्या कोनांतून टिकली तर फोटो पाठवा, आणि सोबत त्याच साल-टांकसाळीच्या एखाद्या साध्या नाण्याचाही पाठवा. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय मी हल्ली मत देत नाही.