पदवी अर्धवट सोडून जर्मनीला येण्याविषयी

प्रिय ओंकार,

परीक्षा तोंडावर आलेली असताना तू मला एवढा मोठा ईमेल लिहिलास, त्यावरूनच तुझे मन अभ्यासात नाही हे कळले. तुझे म्हणणे असे, की बी. ई. ची पदवी आता कालबाह्य होत चालली आहे, क्लाउड आणि डेटा या विषयांतली तीन ऑनलाइन प्रमाणपत्रे तुझ्याकडे आहेत, तेव्हा दुसऱ्या वर्षानंतर कलाभवन, म्हणजे तुझे बडोद्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, सोडून 'शांसेनकार्टे'वर, म्हणजे नोकरी शोधण्यासाठीच्या संधी कार्डावर, जर्मनीत यावे आणि इथे नोकरी शोधावी. ताईशी बोलण्याआधी तू मला विचारलेस हे बरे केलेस. मी स्वतः बडोद्याच्या पदवीवर इथे येऊन पुढे मास्टर्स केले आहे, त्यामुळे माझे मत थोडे पदवीच्या बाजूला झुकलेले असणार, हे धरूनच पुढचे वाच.

संधी कार्ड तुला मिळणार नाही. जून 2024 पासून सुरू झालेल्या या कार्डासाठी किमान सहा गुण लागतात, हे तू वाचले आहेस. पण गुण मोजायच्या आधीची अट तू वगळलीस. उमेदवाराकडे त्याच्या देशात मान्यता असलेली पदवी किंवा किमान दोन वर्षांचे मान्यताप्राप्त व्यावसायिक प्रशिक्षण असावे लागते. अर्धवट सोडलेली बी. ई. आणि ऑनलाइन प्रमाणपत्रे यांपैकी काहीही त्यात बसत नाही. पदवीशिवायची एक वाट आयटीवाल्यांसाठी खरोखर आहे: गेल्या सात वर्षांत पदवीधराच्या तोडीच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव आणि हातात पुरेशा पगाराचा करार असेल, तर ब्लू कार्ड, म्हणजे कुशल कामासाठीचा निवास परवाना, मिळते. त्यासाठीची पगाराची मर्यादा 2025 मध्ये वर्षाला सुमारे 43,760 युरो होती. तिथे मोजली जातात ती नोकरीची वर्षे, कोर्स नव्हेत. आणि ती तीन वर्षांची नोकरी पदवीशिवाय तुला भारतात कोण देणार, हा प्रश्न उरतोच.

पदवीचे महत्त्व कमी होत आहे हे तुझे निरीक्षण चुकीचे नाही. अमेरिकेत मेरीलँड राज्याने 2022 मध्ये हजारो सरकारी पदांवरची पदवीची अट काढली, आणि काही मोठ्या कंपन्यांनीही तसेच केले. मात्र ही सवलत तिथल्या रहिवाशांना उपयोगी पडते. बाहेरून येणाऱ्याला आधी व्हिसा लागतो, आणि त्याच अमेरिकेच्या एच-1बी या नोकरीच्या व्हिसासाठी आजही पदवी किंवा तिच्या तोडीचे काही दाखवावे लागते. अनुभव दाखवायचा तर तीन वर्षांचा अनुभव महाविद्यालयाच्या एका वर्षाबरोबर धरतात, म्हणजे चार वर्षांच्या पदवीच्या जागी बारा वर्षे. नोकरी देणाऱ्याने अट सोडली म्हणून सरकारने ती सोडली असे होत नाही, आणि तुझी सगळी योजना या दोघांना एकच समजून आखलेली आहे.

तुला खरोखरच पदवी नको असेल, तर ज्याला इथले सरकारही मानते असा एक पर्याय आहे, आणि त्याचा तुझ्या ईमेलमध्ये उल्लेखही नाही: आउसबिल्डुंग, म्हणजे कंपनीत काम करत घ्यायचे व्यावसायिक प्रशिक्षण. यात आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत काम आणि एक-दोन दिवस व्यवसायशाळा असते, किंवा शाळेचे आठवडे सलग घेतात. फाखइन्फॉर्माटिकर, म्हणजे आयटीचे प्रशिक्षण, तीन वर्षांचे आहे आणि मेकाट्रॉनिक्सचे साडेतीन वर्षांचे. फी नसते, उलट विद्यावेतन मिळते. 2025 मध्ये पहिल्या वर्षाचे कायदेशीर किमान विद्यावेतन महिन्याला 682 युरो होते आणि धातू उद्योगात ते हजाराच्या वर जाते. इथल्या मुलांचा ओढा विद्यापीठाकडे वाढल्यामुळे दरवर्षी हजारो जागा रिकाम्या राहतात. ज्या पदवीला तू कंटाळला आहेस तिच्याच मागे ही मुले लागली, म्हणून तुझ्यासाठी दार उघडे आहे.

पण ते प्रशिक्षण रोज कसे असते, ते सांगतो. आमच्या कारखान्यात नवी मुले येतात तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे त्यांच्या हातात कानस असते. शेजारी लाखो युरोंची संगणकावर चालणारी सीएनसी यंत्रे चालू असतात, आणि हा मुलगा शिकंज्यात धरलेला पोलादाचा तुकडा हाताने घासत असतो. मग त्यावर पात्याच्या धारेची सरळपट्टी उभी धरून तो उजेडाकडे पाहतो. पट्टीखालून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा घासायचे. गेल्या वर्षी एका मुलाला मी हे एकाच तुकड्यावर सलग चार दिवस करताना पाहिले. शिवाय आपण काय केले आणि काय शिकलो याची प्रशिक्षण वही नियमित लिहावी लागते, आणि ती पूर्ण नसेल तर अंतिम परीक्षेला बसू देत नाहीत. आयटीत कानस नसली तरी वही असते, आणि सुरुवातीला केबल ओढणे व लोकांचे प्रिंटर दुरुस्त करणे हेही असते. हे सगळे जर्मन भाषेत चालते. व्हिसासाठी जर्मनची साधारण बी-1, म्हणजे मधली, पातळी लागते, पण व्यवसायशाळेतला शिक्षक भराभर बोलू लागला की ती अपुरी पडते. आमच्याकडचा गुजरातेतून आलेला एक मुलगा पहिल्या वर्षातच परत गेला. कामात तो हुशार होता, मात्र त्याच्या एजंटने भाषेचे सहा महिने चारवर आणले होते आणि पैसे मात्र पूर्ण घेतले होते.

या प्रशिक्षणानंतर पुढे माइस्टर, म्हणजे आपल्या व्यवसायातला परीक्षा दिलेला उस्ताद, होता येते. जर्मनीच्या पात्रता चौकटीत माइस्टर बॅचलर पदवीच्याच, म्हणजे सहाव्या, पातळीवर आहे. त्याला इथे मान आहे, पण बडोद्यात परतलास तर माइस्टर म्हणजे काय हे प्रत्येक मुलाखतीत समजावून सांगावे लागेल. गंमत अशी, की सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढले ते पदव्या वाटण्यासाठी नव्हे, तर रंगकाम, विणकाम, यंत्रकाम अशा हातच्या विद्यांसाठी. ते विद्यापीठात गेले 1949 नंतर. तुझ्या वर्गाच्या भिंतींनी आउसबिल्डुंगसारखे काहीतरी पाहिलेले आहे.

दुसरा मार्ग जुनाच आहे: उरलेली दोन वर्षे पूर्ण करून मास्टर्सला येणे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला 1,500 युरो पडतात. खर्चासाठी वर्षाचे 11,904 युरो बंद खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, दाखवावे लागतात आणि अर्जाआधी एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे तपासल्याचे, प्रमाणपत्र काढावे लागते. अभ्यासक्रम संपल्यावर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. पैशाचा आकडा पाहून ताई आणि भाऊजी दचकतील, पण आउसबिल्डुंगचे विद्यावेतन अपुरे ठरले तर तिथेही फरकाची रक्कम दाखवावीच लागते.

माझे मत विचारशील तर चौथ्या सत्राची परीक्षा दे आणि त्याच दिवसापासून जर्मन सुरू कर, कारण दोन्ही वाटांना ती लागणार आहे. सुट्टीत मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत एखाद्या वर्कशॉपमध्ये महिनाभर बिनपगारी का होईना, काम कर. भाऊजींच्या ओळखी आहेत, त्यांना मी फोन करतो. महिन्याअखेर तिथून घरी जावेसे वाटत नसेल, तर आउसबिल्डुंगच्या अर्जाला मी स्वतः मदत करीन आणि ताईशीही मीच बोलेन. तोपर्यंत महाविद्यालयातून नाव काढू नकोस, आणि कोणत्याही एजंटला एक रुपयाही देऊ नकोस.

तुझा,
मामा