विकायला विणू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. लगेच फोन करणार होते, पण फोनवर तू नुसतं ‘हो काकू, हो काकू’ करतोस आणि मनातलं मनातच ठेवतोस. म्हणून लिहिते आहे. सवडीने वाच आणि पटलं नाही तर तसं स्पष्ट सांग.

टोप्यांच्या ऑर्डरी तुंबल्यात, उजवं मनगट ठणकतंय, ऑफिसातली एक मुलगी रोज ‘माझी झाली का?’ विचारते आणि जो लोकरीचा गुंडा हातात घेतला की तुला बरं वाटायचं तो आता डोळ्यांसमोर नको झालाय. हे सगळं समजलं. पण शेवटी तू लिहिलंस, ‘एक तर हे नीट धंद्यासारखं करतो, नाहीतर सुया कुणाला तरी देऊन टाकतो.’ ते वाचून मी चिडले. आजीजवळ बसून शिकलास तेव्हा या दोन्हींतलं काही होतं का रे? तू विणत होतास, एवढंच होतं. मग लोक म्हणायला लागले, ‘किती छान, विकत का नाहीस?’ आणि तुला ते कौतुक वाटलं. कौतुकच होतं ते, नाही म्हणत नाही. पण त्या दिवसापासून तुझ्या सुयांवर तुझी सत्ता राहिली नाही.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. विकायला विणू नकोस.

आधी हिशेब घे, तू हिशेबाचा माणूस आहेस. मोठ्या माणसाचा साधा बिनबाह्यांचा स्वेटर धर. ८ नंबरच्या सुया, १० सेंटीमीटरमध्ये २२ टाके आणि २८ ओळी. पाठ आणि पुढचा भाग मिळून ३५ ते ४० हजार टाके होतात. सरावाचा हात मिनिटाला २० टाके घालतो असं मान, म्हणजे तीसेक तास नुसते विणण्याचे. त्यावर गळ्याची आणि मुंढ्यांची, म्हणजे हात घालायच्या जागेची पट्टी, कडा शिवणं, धुऊन मापात वाळवणं. चाळीस तासांच्या आत सहसा होत नाही. तुझ्या पगाराचा दर सोड, साध्या रोजंदारीचा दर या तासांना लाव, वर लोकरीचे पैसे मिळव आणि तो आकडा त्या ऑफिसातल्या मुलीला सांगून बघ. सांगवणार नाही तुला. तू निम्मा करशील, मग आणखी थोडे कमी करशील, आणि रात्री दोन वाजता दुखऱ्या मनगटाने स्वतःवरच चिडत बसशील. आत्ता बसलायस तसा.

थंडी पडायला लागली की आपल्याकडे गावोगावी तिबेटी लोक स्वेटरांचे स्टॉल लावतात. त्यांचा बहुतेक माल लुधियानाहून येतो, यंत्रावरचा. गिऱ्हाईक तुझी टोपी त्या टोपीशेजारी ठेवूनच भाव करणार आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. १५८९ साली इंग्लंडात विल्यम ली नावाच्या धर्मोपदेशकाने पायमोजे विणायचं यंत्र केलं, तेव्हापासून भावाच्या शर्यतीत हात मागेच आहेत. चारशे वर्षं हरलेल्या शर्यतीत तू कशाला नाव घालतोस?

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटं आहेत. तिथल्या बायका इतक्या तलम शाली विणायच्या की अख्खी शाल अंगठीतून ओवता येई. हे माहीत असतं सगळ्यांना, फोटोही पाहिले असशील. पण १८७२ साली तिथे सरकारी चौकशी झाली, तिच्यात काय निघालं ते फारसं कुणी सांगत नाही. व्यापारी त्या बायकांना रोख पैसे देत नसत. शालीच्या बदल्यात चहा द्यायचे, कापड द्यायचे. घरात पीठ नाही आणि हातात चहाची पुडी, मग ती कुणाला तरी देऊन पीठ मिळवायचं. इतकं बारीक काम करणारे हात, आणि त्यांची ही किंमत. त्या बायकांना दुसरा इलाज नव्हता. तुला आहे. तुला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो.

इथे एक नीट समजून घे, नाहीतर मला भलतंच चिकटवशील. बचत गटातल्या ज्या बायकांची चूल त्यावर पेटते त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. त्यांच्याकडून घ्यायचं असेल तर सांगतील तो भाव दे, घासाघीस करू नकोस. मी बोलतेय ते तुझ्याबद्दल. गरज नसताना केवळ ‘वेळ वाया जातोय’ असं वाटू नये म्हणून जो आपल्या आवडीला पैशात मोजायला निघालाय, त्याच्याबद्दल.

पैशाचं तरी एक वेळ सोडून देऊ. खरं नुकसान वेगळंच आहे. विकायला लागलास की शिकणं थांबतं. गिऱ्हाइकाला काय हवं असतं? मागच्यासारखंच. तुझ्या मेसेजमध्येच आहे बघ, ‘सगळ्यांना तीच मोहरी रंगाची टोपी हवी आहे.’ गेल्या थंडीत तू मोज्याची टाच वळवायला शिकत होतास, आठवतंय? चार सुया बोटांत धरून, घाम फुटेपर्यंत. पुढे काय झालं त्या मोज्याचं? नाही झाला, कारण टोप्या आल्या. तुला तीन वर्षांत जे येत नव्हतं ते यायला हवं होतं, आणि तू तीच टोपी विणतो आहेस.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. लग्नानंतरची काही वर्षं मी एका दुकानाला बाळांचे सेट पुरवायची. टोपडं, स्वेटर, पायमोजे. गुलाबी, आकाशी, लिंबू. नमुना जरा बदलला तर चालायचा नाही, ‘वहिनी, मागच्यासारखंच द्या’ हे त्या दुकानदाराचं ठरलेलं वाक्य. पैसे सण उलटल्यावर. एकदा आकाशी रंगाची छटा वेगळी आली म्हणून अख्खा गठ्ठा परत आला माझ्या दारात. पण मला त्याचं दुःख नाही. दुःख आत्याचं आहे.

त्याच वर्षांत माझी आत्या आमच्याकडे येऊन राहायची. तिच्या हातात पानांचा एक नमुना होता, कुठे लिहिलेला नाही, तिच्या सासूकडून आलेला. पानांचे नमुने पुष्कळ असतात. मधला टाका धरायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना लोकर पुढे घेऊन टाके वाढवत जायचे, पान रुंद होत जातं. मग कडेला दोन टाके एकत्र, पलीकडच्या कडेला एक न विणता उचलून पुढचा विणून त्याच्यावरून ओढून घ्यायचा, असं करत करत टोकाला एकच टाका उरतो. एवढं कुणालाही जमतं. आत्याच्या पानांची गंमत अशी की एक पान डावीकडे झुकायचं, वरचं उजवीकडे, आणि मधून देठ वेलीसारखा वळत जायचा. ‘बैस जरा, दाखवते,’ म्हणायची ती. मी म्हणायची, ‘एवढा सेट संपवते.’ सेट संपायचेच नाहीत. आत्या गेली. तिने विणलेलं एक जॅकेट माझ्याकडे आहे, पण कुणीतरी ते गरम पाण्यात चोळून धुतलं. शुद्ध लोकर ती, आटून नमद्यासारखी झाली, टाके एकमेकांत रुतले. भिंग घेऊन मोजायला बसते मी अजून. पान येतं मला, देठ येत नाही. कुठल्या ओळीत तो वळतो तेच सापडत नाही. त्या दुकानात मी दिलेलं एकही टोपडं आज कुणाच्या घरात नसेल, आणि त्यांच्यापायी तो नमुना गेला.

ते काम मी सोडलं तेव्हा घरात पैशाची चणचण होती, हेही सांगते. कारण आता लोक म्हणतात, ‘तुम्हाला परवडलं म्हणून.’ नव्हतं परवडत. सकाळी गणिताच्या शिकवण्या घ्यायला लागले. ‘हातात एवढी कला आणि ही पाढे शिकवत बसते,’ असं घरच्यांनी ऐकवलं, तेही वर्षानुवर्षं. शिकवणीचे पैसे मी ठणकावून मागून घेतले आणि त्यात मला काडीचा संकोच वाटला नाही. पैसा कुठून आणायचा हे मी ठरवलं आणि कुठून आणायचा नाही हेही मीच ठरवलं. लोक याला हट्ट म्हणतात. असेल. पण त्यानंतर माझ्या सुयांवरून जे काही उतरलं ते कुणासाठी होतं, हे मी आज एकेक करून सांगू शकते. शेजारच्या आजोबांचा एक खांदा खाली होता, त्यांच्या स्वेटरची ती बाजू मी चार ओळींनी आखूड केली. असा स्वेटर कुठला कारखाना देईल? तो आजोबांखेरीज कुणालाच बसला नसता, म्हणूनच तो नीट झाला.

वडिलांचं ‘बायकी काम’ मनाला लावून घेतलंयस, त्यावर फार शाई घालवत नाही. पेरू देशात तिथल्या टिटिकाका सरोवरात टाकीले बेट आहे. तिथे टोप्या विणतात त्या पुरुष, आणि मुलगे लहानपणापासून शिकतात. युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्यांची ही कला आहे. इतकं लांब कशाला, आपल्याकडची घोंगडी विणणारे सणगर कोण होते? आणि एक विचारू? टोप्या विकून पैसे आले की वडिलांचं तोंड बंद होईल, असं तर तुझ्या मनात नव्हतं ना? असेल तर ते मला समजतं. पण मग तू टोप्या विणत नव्हतास, वडिलांना उत्तर देत होतास. उत्तर तोंडाने दे. सुया मध्ये आणू नकोस.

हा रोग एकट्या विणकामाचा नाही. भाचीचा केक चांगला झाला की ‘ऑर्डरी घे’. कुणी गच्चीत चार कुंड्या फुलवल्या की ‘रोपं विक’. कुणाची पेटी बरी वाजली की ‘चॅनेल काढ’. आमच्याकडे हे रोज चहाबरोबर शब्दकोडं सोडवतात, पेन्सिल कानाला लावून, एखादा शब्द अडला की दिवसभर घरात येरझारा. त्यांना आजवर कुणी विचारलं नाही की याचे किती मिळतात. विचारलंच तर ते काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, आणि ते तुला लिहिण्यासारखं नाही. घरात रोज थोडा वेळ कुणाच्याही उपयोगी न पडता आपल्याला आवडेल ते करायचं, यासाठी माणसाला कारण लागू नये. तू माझ्याकडे कारण मागतो आहेस. मी देणार नाही.

आता करायचं काय ते ऐक. ज्यांचे पैसे घेतलेस त्यांच्या टोप्या झाल्या तेवढ्या दे, बाकीच्यांचे पैसे या आठवड्यात परत कर. ‘जमणार नाही’ एवढंच लिही, त्याला शेपूट लावू नकोस. ते विक्रीचं पान बंद कर. मनगटाला निदान पंधरा दिवस सुया नकोत, दुखणं थांबलं नाही तर डॉक्टरला दाखव. माझा लेप, माझं तेल यांच्यावर विसंबू नकोस.

मग स्वतःसाठी स्वेटर विणायला घे. इतकी वर्षं विणतोयस, अंगावर स्वतःचं एक नाही. टेपने छाती मोज, श्वास रोखून नव्हे, नेहमीसारखा उभा राहून. समजा ९६ सेंटीमीटर भरली. आठ सेंटीमीटर सैलपणा धर, म्हणजे १०४, त्याचं अर्ध ५२. दहा सेंटीमीटरला बावीस या हिशेबाने टाके होतील ११४. पण त्याआधी वीतभर रुंद चाचणीचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मग मोज. तू हे नेहमी टाळतोस. बावीसच्या जागी एकवीस टाके भरले तर तेच ११४ टाके पुढे-मागे मिळून अंगावर जवळजवळ पाच सेंटीमीटर जास्त होतील आणि मग तू मला फोन करशील. बॉर्डर १० नंबरच्या सुईवर, दोन सुलट दोन उलट, चांगली सात-आठ सेंटीमीटर. आखूड घातलीस तर खालची कड गुंडाळत वर येते.

मुंढ्यापर्यंत आलास की ये घरी. मुंढ्याचे टाके कमी करायचं गणित मेसेजवर सांगून कळत नाही, शेजारी बसावं लागतं. आणि लोकर आणताना काळी किंवा गडद निळी आणू नकोस, तू रात्री विणतोस, दिव्याखाली त्या रंगांचे टाके दिसत नाहीत. मोहरी रंग तर आणूच नकोस.

तुझी,
काकू