गॅस महागतो तेव्हा पैसा नक्की कोणाच्या खिशात जातो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्रूड (कच्चं तेल) उतरलं तरी अमेरिकेत गॅस स्टेशनवरचा, म्हणजे पेट्रोलचा (तिथे त्याला गॅस किंवा गॅसोलीन म्हणतात), भाव लवकर हलत नाही, तेल कंपन्या मात्र विक्रमी नफा जाहीर करतात, मग सगळ्यांनी ठरवून एक दिवस गॅस भरलाच नाही तर यांना धडा बसेल का?

चीड रास्त आहे, उपाय मात्र वाया जाणारा आहे. बुधवारी न भरलेली टाकी गुरुवारी भरावीच लागते. गाडी तेवढीच चालली तर खप तेवढाच राहतो. एखाद्याच ब्रँडवर बहिष्कार टाकूनही फार फरक पडत नाही. पाइपलाइनमधून येणारा मूळ माल सगळ्यांचा एकच असतो, कंपनीचं ॲडिटिव्ह (इंधनात घालायचं रसायन) टर्मिनलवर, म्हणजे इंधनाच्या साठवण डेपोत, टँकर भरताना मिसळलं जातं. शिवाय पाटी मोठ्या कंपनीची असली तरी स्टेशन बहुतेक वेळा स्वतंत्र मालकाचं असतं. बहिष्काराची झळ त्याला बसते.

या मालकाचं गणित समजून घ्या. तो टर्मिनलवरून घाऊक भावाने टँकर उचलतो, एका खेपेला साधारण ८ ते ९ हजार गॅलन. पाटीवरचा भाव तो जुन्या खरेदीवर ठरवत नाही, पुढची खेप कितीला पडेल यावर ठरवतो. त्यामुळे घाऊक भाव चढला की टाकीतला स्वस्तातला मालही महाग विकला जातो, आणि लोकांचा संताप होतो तो इथेच. पण भाव चढत असताना समोरचा स्पर्धक थांबलेला असतो, म्हणून मालकाला पूर्ण वाढ लावता येत नाही आणि मार्जिन आक्रसतं. त्यात ५ डॉलरच्या गॅलनवर २ ते ३ टक्के कार्ड-शुल्क धरलं तर १० ते १५ सेंट तिथेच जातात. तो कमावतो भाव उतरताना, कारण घाऊक भाव पडला तरी पाटी हळूहळू बदलते. बोरेनस्टाईन, कॅमेरॉन आणि गिल्बर्ट या अर्थतज्ज्ञांनी १९९७ मध्ये हे आकडेवारीनिशी दाखवलं: भाव रॉकेटसारखे चढतात, पिसासारखे उतरतात. म्हणजे तुमच्या तक्रारीचा हा भाग खराच आहे.

तरीही मोठा पैसा स्टेशनवर नसतो. तो कुठे असतो हे घरबसल्या काढता येतं. एका बॅरलमध्ये ४२ गॅलन, म्हणून क्रूडच्या भावाला ४२ ने भागा आणि पाटीवरच्या भावातून वजा करा. जुलै २००८ मध्ये क्रूड १४५ डॉलरच्या आसपास होतं, म्हणजे गॅलनला ३.४५. तेव्हा देशाची सरासरी ४.११ डॉलरवर पोहोचली होती. फरक ६६ सेंट. जून २०२२ मध्ये क्रूड १२० च्या आसपास, म्हणजे गॅलनला २.८६, आणि सरासरी प्रथमच ५ डॉलर ओलांडून ५.०२ झाली. फरक २.१६ डॉलर. क्रूड २००८ पेक्षा स्वस्त आणि गॅस मात्र ९० सेंटनी महाग! केंद्राचा कर १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवरच आहे. राज्यांचे कर थोडे वाढले, महागाईही आहे, पण दीड डॉलरचा फरक त्याने भरून निघत नाही.

तो फरक मुख्यतः रिफायनरीत, म्हणजे तेल शुद्ध करणाऱ्या कारखान्यात, गेला. क्रूड आणि तयार मालाच्या भावातल्या अंतराला या धंद्यात क्रॅक स्प्रेड म्हणतात. रूढ हिशेब ३-२-१ चा: तीन बॅरल क्रूडमधून दोन बॅरल गॅसोलीन आणि एक बॅरल डिझेल. एरवी बॅरलमागे १० ते २० डॉलर असणारं हे अंतर २०२२ च्या उन्हाळ्यात ६० पर्यंत गेलं. त्यामागे खरी टंचाई होती. २०१९ मध्ये आगीनंतर फिलाडेल्फियाची रिफायनरी बंद झाली, करोनाकाळात आणखी काही बंद झाल्या, आणि देशाची शुद्धीकरण क्षमता दिवसाला सुमारे दहा लाख बॅरलनी घटली. त्यातच युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर रशियन डिझेलची वाट आक्रसली. उन्हाळ्याच्या मालात ब्युटेन हा स्वस्त वायू फारसा मिसळता येत नाही, तो उन्हात उडून जातो, म्हणून १ जून ते १५ सप्टेंबरचा उन्हाळी गॅसोलीनचा नियम पाळताना खर्च आणखी काही सेंट वाढतो. रिफायनरी ९० टक्क्यांच्या वर चालत असताना एखादं युनिट बिघडलं तरी घाऊक भाव त्याच दिवशी उसळतो.

एक्झॉनमोबिल या तेल कंपनीने २०२२ मध्ये ५५.७ अब्ज डॉलर कमावले. त्यातला सर्वांत मोठा वाटा विहिरींतून उपसलेल्या तेल-वायूचा, रिफायनरीचा त्याखालोखाल. उपसण्याचा खर्च फारसा बदलत नाही आणि भाव मात्र जागतिक बाजार ठरवतो, म्हणून प्रत्येक वाढीव डॉलर जवळजवळ जसाच्या तसा नफ्यात पडतो. हीच कंपनी २०२० मध्ये २२.४ अब्ज तोट्यात होती, हेही सांगायला हवं. पण चढत्या काळातला बराच पैसा नवी क्षमता उभारण्याऐवजी स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यात गेला, आणि राग धरायचाच तर तो यावर धरावा असं माझं स्पष्ट मत आहे. शेव्हरॉन या दुसऱ्या तेल कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी ७५ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली.

विंडफॉल कराची, म्हणजे अचानक झालेल्या जादा नफ्यावरच्या कराची, मागणीही नीट तपासून करावी. अमेरिकेचा १९८० चा असा कायदा नावाला नफ्यावर होता. प्रत्यक्षात तो देशी क्रूडवरचा अबकारी कर होता. ३९३ अब्ज डॉलर मिळतील असा अंदाज होता, जमा झाले सुमारे ८० अब्ज, कारण क्रूडचे भावच पडले. १९८८ मध्ये तो रद्द झाला. कर लावायचा तर तो नफ्यावर लावावा, बॅरलवर नको. ब्रिटनने २०२२ मध्ये तसं केलं.

कॅलिफोर्नियाचं प्रकरण वेगळं आहे. २०१५ मध्ये टॉरन्सच्या रिफायनरीत स्फोट झाला, आणि त्यानंतर कर आणि पर्यावरण-नियमांचा खर्च वजा केला तरी तिथला भाव उरलेल्या अमेरिकेपेक्षा वरच राहिला. हे बोरेनस्टाईन यांनीच मांडलं. तो जादा पैसा घाऊक विक्रीनंतरच्या टप्प्यात, म्हणजे वितरण आणि किरकोळ विक्रीत, दिसतो. २०२३ च्या कायद्याने तिथे तेलबाजारावर नजर ठेवणारा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. तिथे राहणाऱ्यांनी लोकप्रतिनिधींना पत्र लिहिताना नेमकं याबद्दल विचारावं.

टाकी कधी भरायची हे ठरवायला रोजच्या बातम्यांची गरज नाही. गॅसोलीनचा वायदा (पुढच्या तारखेच्या मालाचा बाजारातला सौदा) गॅलनच्याच भावात असतो. तो दोन-तीन दिवस सलग चढला तर लगेच पूर्ण टाकी भरा, उतरत असेल तर गरजेपुरतंच भरा, कारण पाटी उतरायला काही आठवडे लागतात.

आणि खरोखर लूट वाटली तर तक्रार राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे) करा. केंद्राचा भाववाढविरोधी विधेयक-मसुदा मे २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झाला आणि सिनेटमध्ये अडकला. राज्यांचे कायदे बहुधा आणीबाणी जाहीर झाल्यावरच लागू होतात. कॅलिफोर्नियात तेव्हा १० टक्क्यांहून जास्त वाढ बेकायदेशीर ठरते, विक्रेत्याचा खर्च खरोखर वाढला असेल तेवढा अपवाद. तक्रारीत स्टेशनचा पत्ता, तारीख-वेळ, ग्रेड, आदला भाव आणि नवा भाव लिहा, पाटीचा फोटो आणि पावती जोडा. आदला भाव नसेल तर वाढ किती झाली हेच सिद्ध करता येत नाही.