घेतले नव्हतेस, मग लिहून का दिलंस?

"मॅडम, पैसे घेतले नाहीत म्हणतो. मग स्वतःच्या हाताने लिहून कसं दिलं?" वडिलांनी शर्टाच्या खिशातून कबुलीची चार घड्या घातलेली झेरॉक्स काढून माझ्या समुपदेशनाच्या खोलीतल्या टेबलावर ठेवली. त्यांचा 19 वर्षांचा मुलगा शेजारी मान खाली घालून बसला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

तो एका दुकानात काउंटरवर होता. गल्ल्यात 11,400 रुपये कमी भरले. मालक आणि त्यांच्या मेहुण्याने त्याला मागच्या गोदामात नेलं, मोबाइल काढून घेतला. दुपारी दोनला आत गेलेला पोरगा रात्री साडेनऊला बाहेर आला. कोणी हात उचलला नाही. "कॅमेऱ्यात दिसतोयस," असं मात्र सांगितलं. कॅमेरा त्या दिवशी बंदच होता. "लिहून दे आणि घरी जा, नाहीतर पोलीस बोलावतो," हे किती वेळा ऐकलं, ते त्याला सांगता येईना.

'निर्दोष असेल तर कशाला कबूल करेल?' असं आपण घरात बसून म्हणतो. आत अडकलेल्याला फक्त तिथून सुटायचं असतं. उद्याचं नुकसान त्याला दिसतच नाही. वर एक भाबडा भरवसाही असतो: 'मी काही केलंच नाही, नंतर खरं कळेलच.' माझ्या मते याच भरवशावर निर्दोष माणूस सही करून बसतो.

2017 मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला, तेव्हा बसच्या कंडक्टरने कॅमेऱ्यासमोर गुन्हा कबूल केला होता. पुढे सीबीआयला त्याच्याविरुद्ध पुरावा मिळाला नाही आणि 2018 मध्ये न्यायालयाने त्याला आरोपमुक्त केलं. मारहाण करून वदवून घेतलं, असं त्याच्या घरचे पहिल्यापासून सांगत होते.

इथे तर मारहाणही नव्हती. तिसऱ्या भेटीत मुलगा हळूच म्हणाला, "मीच घेतले असतील आणि विसरलो असेन, असं होतं का हो?"

होतं. 1996 मध्ये अमेरिकेत सॉल कॅसिन आणि कॅथरीन कीचेल यांनी विद्यार्थ्यांवर 'नको ती कळ दाबून कॉम्प्युटर बंद पाडलास' असा खोटा आळ घेतला. कळ कोणीच दाबली नव्हती, तरी 69 टक्के जणांनी कबुलीवर सही केली. काहींना तर आपणच दाबली, असं खरोखर वाटू लागलं. पाहिल्याचं सांगणारा खोटा साक्षीदार असला की हे प्रमाण आणखी वाढलं. या मुलासाठी तो साक्षीदार म्हणजे बंद पडलेला कॅमेरा होता.

मी ती झेरॉक्स पुन्हा पाहिली. रकमेच्या जागी आधी 8,000 लिहून खोडलं होतं आणि वर 11,400 केलं होतं.

"हे कोणी खोडलं?"

"मीच. मी अंदाजाने आठ लिहिले. मालक म्हणाले, इतकेच नाहीत, नीट आठव. मग त्यांनी आकडा सांगितला."

वडिलांनी कागद ओढून घेतला आणि चष्मा वर करून बराच वेळ ती खाडाखोड पाहत राहिले. मग मुलाला विचारलं, "तिथे पाणी तरी दिलं होतं का रे?"

त्याने नकारार्थी मान हलवली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडला.

कागद आता वकिलांकडे आहे. मुलगा दुसरीकडे कामाला लागलाय. सुट्टे पैसे अजून तीन-तीनदा मोजतो, म्हणून आमच्या भेटी चालू आहेत.