पलटणीचं घड्याळ म्हणून पानेराई घ्यावं का?

तुम्ही निपाणीहून विचारलंय. आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, त्या नात्यानं लष्करी वारशाचं एक भारी घड्याळ घ्यायचंय. सहा लाखांची तयारी आहे, मन मूळच्या इटालियन पानेराई कंपनीच्या लुमिनोर या घड्याळावर बसलंय आणि दुबईचे मेव्हणे 'तिथून आणू का' म्हणतायत. माझं मत आधीच सांगतो. लुमिनोर जरूर घ्या, पण आप्पांच्या पलटणीशी त्याचं नातं आहे असं धरून घेऊ नका. त्याचा वारसा खरा आहे, फक्त तो समोरच्या बाजूचा आहे.

पानेराईचं दुकान फ्लोरेन्समध्ये १८६० साली सुरू झालं. पुढे ते इटलीच्या नौदलाला उपकरणं पुरवू लागले आणि १९३६ च्या सुमारास नौदलाच्या, पाण्याखाली बुडी मारून काम करणाऱ्या जवानांसाठी रेडिओमिर या घड्याळाचे पहिले नमुने तयार झाले. ती घड्याळं बनवून दिली होती रोलेक्सनं. १९ डिसेंबर १९४१ ला मानवी टॉर्पेडोवर (पाण्याखालून चालवायचं, स्फोटकं वाहणारं छोटं वाहन) बसून सहा इटालियन जवान अलेक्झांड्रिया बंदरात शिरले आणि क्वीन एलिझाबेथ, व्हॅलियंट या दोन ब्रिटिश युद्धनौका त्यांनी निकामी केल्या. पानेराईचं नाव या पथकाशी जोडलं जातं. त्याच वर्षी मार्चमध्ये इरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर आपले मराठे इटालियन फौजेशीच भिडले होते. नंतर इटलीच्या भूमीवर यशवंत घाडगे यांना १९४४ च्या आणि नामदेव जाधव यांना १९४५ च्या लढाईतल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तोवर इटलीनं शरणागती पत्करली होती आणि समोर जर्मन होते. हे सगळं आप्पांना तोंडपाठ असणार. घड्याळ हातात आल्यावर ते 'हे कुणाच्या फौजेचं?' असं विचारतील, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

आपल्या बाजूच्या फौजेचंच हवं असेल तर दुसरी वाट आहे. ब्रिटिश संरक्षण खात्यानं एकच तपशील ठरवून बारा कंपन्यांकडून घड्याळं बनवून घेतली, ती १९४५ मध्ये मिळाली. काळी तबकडी, अंधारात चमकणारे काटे, पाण्यापासून संरक्षण आणि वर बाणाची सरकारी खूण. ओमेगा, लॉन्जीन्स, आयडब्ल्यूसी, जेजर-लकुल्त्र ही त्या बारांतलीच नावं. लॉन्जीन्सची त्या धर्तीवरची आजची घड्याळं तुमच्या बजेटच्या बरीच खाली मिळतात. मात्र त्या काळचं अस्सल म्हणून कुणी काही दाखवलं तर हात आखडता घ्या. नव्यानं रंगवलेल्या तबकड्या घालून 'आर्मी इश्यू' म्हणून विकलेली घड्याळं आपल्याकडे पोत्यानं आहेत. जुन्या चमकत्या रंगात किरणोत्सर्गी रेडियमही असू शकतं, म्हणून असलं घड्याळ हौसेनं उघडून बघायचं नाही.

तरीही लुमिनोर घ्या असं मी का म्हणतो? लष्करी वारसा सांगणाऱ्या कुठल्याही घड्याळाला मी एकच प्रश्न विचारतो: यातला कुठला भाग जवानाच्या गरजेतून आलाय आणि तो आजही तेच काम करतोय का? लुमिनोरच्या चावीभोवतीचा (चावी म्हणजे बाजूचं फिरवायचं बटण) तो अर्धगोल पूल बघा. मधली छोटी कळ बाहेर ओढली की चावी मोकळी होते. चावी द्यायची आणि कळ परत दाबायची. ती चावीला केसवर, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचावर, घट्ट दाबून धरते. चावी स्क्रूसारखी आवळावी लागत नाही, म्हणून आटे झिजायचा प्रश्नच येत नाही. दिवसाआड चावी द्यावी लागणाऱ्या घड्याळात पाणी शिरायची मोठी वाट चावीचीच असते, ती अशी बंद केली. तबकडीचंही तसंच. ती दोन थरांची असते: खालच्या थरावर चमकणारा रंग आणि वरच्या थरात आकडे कापून काढलेले. रंगाला जाडी मिळते आणि गढूळ पाण्यातही आकडा ठळक दिसतो. काही मॉडेलांत आकडे वरून नुसते छापलेले असतात, ती मी घेणार नाही. लुमिनोर ड्यू तर नकोच. २०१६ साली ती मालिका आली तेव्हा तिच्यावर पूल होता, पण पाणी सोसायची क्षमता जेमतेम ३० मीटरची. नुसता दिखावा करणाऱ्या पुलाचे पैसे का मोजायचे?

याच कसोटीवर ट्यूडरचं पेलागोस एफएक्सडी पूर्ण उतरतं. फ्रेंच नौदलाच्या बुडी मारणाऱ्या जवानांसाठी २०२१ मध्ये आलेलं, टायटॅनियमचं, पट्ट्याच्या दांड्या केसमध्येच कोरलेल्या, त्यामुळे पिन निसटून घड्याळ पडायची भीती नाही. रोज शेतात, गुऱ्हाळावर, मोटारसायकलवर घालणार असाल तर मी हेच घेईन.

आता आकार. नेहमीचं लुमिनोर ४४ मिलिमीटरचं असतं आणि वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत साधारण ५३ भरतं. मनगटाचा घेर मोजून उपयोग नाही, वरचा सपाट भाग पट्टीनं मोजा. घड्याळाची टोकं त्याच्या बाहेर आली तर ते कधीच नीट बसणार नाही. म्हणून खरेदीआधी बेंगळुरू किंवा मुंबईची एक चक्कर कराच.

वापरलेलं घेणार असाल तर आतलं यंत्र कुठलं ते आधी विचारा. आधीच्या बऱ्याच लुमिनोरमध्ये, उदाहरणार्थ पाम १११ या मॉडेलमध्ये, युनिटास कंपनीच्या ६४९७ या यंत्रावर आधारित यंत्र आहे. मुळात खिशातल्या घड्याळाचं, मोठं आणि साधं. जाणत्या कारागिराला ते परकं नाही आणि सुट्या भागांची फार अडचण येत नाही. आपल्यासारख्या सेवाकेंद्रापासून लांब राहणाऱ्यांना हा मोठा फायदा. पण याच मॉडेलांच्या नकला सगळ्यांत जास्त होतात, कारण या यंत्राची चिनी प्रत स्वस्तात मिळते आणि मागच्या काचेतून बघून फरक सहज कळत नाही. तेव्हा पेटी, कार्ड, कार्डावरचा नंबर मागच्या झाकणाशी जुळणं हे सगळं हवंच, शिवाय अधिकृत सेवाकेंद्रात उघडून तपासल्याचा कागदही हवा. विकणारा त्याला तयार नसेल तर विषय तिथंच संपवा. पुलाच्या कडा गोलसर झाल्या असतील तर घड्याळ जास्त पॉलिश झालंय, भाव पाडून मागा. कळ सैल लागली तर दुरुस्तीचा खर्च धरूनच बोला.

नवं घेतलंत तर पानेराईच्या संकेतस्थळावर नोंदणी करा, दोन वर्षांची वॉरंटी आठ वर्षांपर्यंत वाढते. हे अनेकजण विसरतात. दुबईचा भाव कमी दिसतो, पण विमानतळावर जाहीर करून शुल्क भरलं की फरक फारसा उरत नाही, आणि न सांगता आणायचा सल्ला मी कुणालाच देणार नाही. मेव्हण्यांना त्यात ओढू नका. पैसे बँकेतूनच द्या. ऊसबिल नुकतंच आलेलं असलं तरी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं विकणाऱ्याला कायद्यानं चालत नाही. पक्कं बिल उद्या विमा काढताना किंवा घड्याळ विकताना लागतंच.

पट्टा चामड्याचा मिळेल, तो ऑक्टोबरपर्यंत पेटीत ठेवा आणि सोबत रबराचा एक घ्या. खानापूर-जांबोटीकडच्या पावसात चामडं एका मोसमात कुबट होतं, आणि पाण्याला न भिणारं घड्याळ चार महिने कपाटात पडून राहणं मला पटत नाही.