जाळी कापून आतून पाहा

प्रिय विद्यार्थिमित्रा,

अनेक आशीर्वाद.

हाड वाढवण्यासाठी तू पॉलिकॅप्रोलॅक्टोन या शरीरात हळूहळू विघटन होणाऱ्या पॉलिमरची जी जाळी विणतो आहेस, तिच्या तंतूंची तू पाठवलेली छायाचित्रे पाहिली. तंतू एकसारखे आहेत, त्यांवर मण्यांसारख्या गाठी नाहीत. द्रावणाची तीव्रता, विद्युतदाब किंवा खोलीतली आर्द्रता यांपैकी एक जरी बिनसले तरी सगळे बिघडते, हे ठाऊक असल्याने मला तुझे कौतुक वाटले. मात्र ही सारी छायाचित्रे वरून घेतलेली आहेत, आणि माझी शंका तिथेच आहे.

इलेक्ट्रोस्पिनिंगची, म्हणजे विद्युतदाबाने द्रावणातून बारीक तंतू ओढून केलेली जाळी हाडातल्या कोलॅजन या तंतुमय प्रथिनासारखी दिसते म्हणून आपण सगळेच तिच्यावर भाळतो. परंतु तंतू जितका बारीक, तितकी तंतूंमधली जागाही लहान होत जाते. काहीशे नॅनोमीटर जाडीच्या तंतूंमध्ये छिद्रे बहुधा काही मायक्रोमीटरचीच राहतात, आणि हाड घडवणारी पेशी त्यांहून कितीतरी मोठी असते. मग पेशी पृष्ठभागावर छान पसरतात, वाढीच्या चाचणीचे आकडेही चांगले येतात, पण आतला भाग रिकामाच राहतो. हाड आत वाढायचे तर साधारण 100 मायक्रोमीटरहून मोठी छिद्रे लागतात, आणि रक्तवाहिन्यांसाठी 300 च्या पुढची बरी मानली जातात. म्हणून आधी नमुन्याचे आडवे छेद घे आणि पेशी किती खोल पोचल्या ते मोज.

पोचल्या नसतील, तर पाण्यात विरघळणारे पॉलिएथिलीन ऑक्साइडचे तंतू सोबत विणून नंतर धुऊन काढता येतात. मात्र त्याने जाळी कमकुवत होते आणि कधी दबून पुन्हा घट्टही बसते. वितळलेल्या पॉलिमरचे तंतू हव्या त्या जागी मांडण्याची पद्धत मला अधिक भरवशाची वाटते, जरी तिचे तंतू सहसा जाड निघतात आणि कामही संथ चालते.

तू हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, म्हणजे हाडातले कॅल्शियमयुक्त खनिज, मिसळणार आहेस, म्हणून आणखी एक सांगतो. हाडाचे खनिज तयार झाले का हे पाहायला वापरतात तो अलिझारिन रेड हा रंग कॅल्शियमला लाल रंगवतो. ते कॅल्शियम पेशींनी साठवले की तू घातलेस, हे त्याला कळत नाही. एकदा असाच लालभडक नमुना पाहून मी आठवडाभर आनंदात होतो, आणि पेशी न टाकलेली जाळी तितकीच लाल निघाली. अशी जाळी प्रत्येक वेळी, त्याच माध्यमात, तितकेच दिवस ठेव, आणि ऑस्टिओकॅल्सिन हे हाड घडवणाऱ्या पेशींनी बनवलेले प्रथिनही तपास. जाळीच्या विघटनाची चिंता तूर्त नको; पॉलिकॅप्रोलॅक्टोन शरीरात दोनेक वर्षे टिकते, ते हाडासाठी जास्तच आहे, पण त्याबद्दल पुढे कधीतरी लिहीन.

छेदांची छायाचित्रे कशीही आली तरी पाठव.

तुझा मार्गदर्शक