बंद गिरणीच्या चित्राला ‘भग्नावशेष’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे : मुंबईतल्या बंद गिरण्या आणि रिकाम्या केलेल्या चाळी यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरतंय. माहितीपत्रकात ‘परित्यक्त वास्तू’ आणि ‘शहरी भग्नावशेष’ हे शब्द चालतील का?

‘परित्यक्त’ व्याकरणात बसतो, पण मराठी कानाला त्यात आधी ‘परित्यक्ता’ ऐकू येते, नवऱ्याने टाकलेली. शिवाय टाकायला टाकणारा लागतो. १९८२च्या संपानंतर कामगारांनी गिरण्या टाकून दिल्या नाहीत. लोक म्हणतात, ‘गिरणी बंद पडली.’ कुणी पाडली, यावर गिरणगावात आजही वाद रंगेल. क्रियापद मात्र हात वर करून मोकळं होतं!

‘भग्नावशेष’मध्ये मोडणं आणि उरणं दोन्ही आहे, आणि काळाचं अंतरही. वसईच्या किल्ल्यातली बिनछपराची पोर्तुगीज चर्चं किंवा जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टीनचा मनोरा यांना तो शोभतो. अठराव्या शतकात पिरानेसी या इटालियन कलावंताने रोममधल्या पडक्या वास्तूंची मुद्राचित्रं (पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली चित्रं) केली, तिथेही हाच शब्द हवा. यूबेर रोबेर या फ्रेंच चित्रकाराने तर १७९६मध्ये पॅरिसच्या लूव्रचं धडधाकट दालन कोसळल्याची कल्पना करून रंगवलं. म्हणजे भग्नावशेष आगाऊच! पण ज्या गिरणीत वडील कामाला होते, तिला शेजारच्या चाळीतला मुलगा भग्नावशेष म्हणणार नाही.

बोलीतले शब्द जास्त नेमके आहेत. ‘पडका’ इमारतीबद्दल सांगतो, ‘ओसाड’ माणसांबद्दल. कुलाब्याची मुकेश मिल आगीनंतर बंद झाली. तिच्या भिंतींवर झाडं उगवली. ती खुशाल पडकी म्हणा. पण सिनेमावाले तिथे इतकी वर्दळ करत आले की ओसाड म्हणवत नाही. ‘पडीक’ जमिनीसाठी राहू द्या. चाळ ‘मोडकळीला येते’, मग पालिका तिला ‘अतिधोकादायक’ ठरवते. तो शब्द चित्राखाली जसाच्या तसा वापरायला माझी हरकत नाही. ‘खंडहर’ हिंदीतला. आपल्याकडे खिंडार असतं, तेही हल्ली तटबंदीपेक्षा राजकीय पक्षांनाच जास्त पडतं.

प्रदर्शनाला एकच शब्द हवा असेल तर ‘पडझड’ घ्या. पावसाळ्यानंतरच्या पंचनाम्यातला आहे, सगळ्यांना कळतो, आणि घडून गेलेलं व घडत असलेलं दोन्ही त्यात मावतं. फक्त कुलूप लावलेल्या, पण भिंती शाबूत असलेल्या गिरणीखाली तो नको. तिथे ‘बंद गिरणी’ पुरे.